ओल्या चादरीतलं सोवळं

मी दचकते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिरणीचा भोंगा रोज ठरल्या वेळी होतो आणि मी रोज ठरल्या वेळी दचकते. त्या सोमवारी सकाळी मात्र दचकताना हातात भरलेली घागर होती. घागर वाचली, कंबर धरली.

एरवी मी शेक घेत पडून राहिले असते. पण दुसऱ्याच दिवशी मुलींच्या शाळेत माझी मास्तरकी सुरू व्हायची होती, आणि सासूबाईंनी परवानगी देताना एकच अट घातली होती : "दुखणंखुपणं काढलंस, की नोकरी बंद!" म्हणून दुपारपर्यंत मी काटकोनात वाकून घरभर हिंडले. कुणी विचारलं की सांगायचं, "सुई शोधतेय."

"बर्फ!" हे म्हणाले. (हे म्हणजे मुकुंदराव. कचेरीत कारकून, घरी जलचिकित्सेच्या एका पुस्तकापुरते डॉक्टर. अर्धी रजा काढून आले होते.) "बर्फाच्या पाण्यात भिजवलेली चादर अंगभर गुंडाळायची. अर्ध्या तासात कंबर, मस्तक, मन, सगळं ताजंतवानं!"

सासूबाई पुराणाला गेल्या होत्या. कल्लप्पाच्या सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ आला. यांनी मला मानेपासून घोट्यापर्यंत गुंडाळलं, वर घोंगडी लपेटून सुंभानं बांधलं, कशात तरी घातलेला बर्फाचा खडा कंबरेखाली सरकवला, आणि "हलू नकोस" असं बजावून आणखी बर्फ आणायला गेले. (हलणार कशी? सुरळीची वडी हलते का कधी?)

पाच मिनिटांत दात वाजू लागले. दहाव्या मिनिटाला दार वाजलं. पुराणिकबुवांचा घसा बसला म्हणून सासूबाई लवकर परतल्या होत्या.

"अगं बाई! प्रभे, हे काय?"

त्या चादरीला हात घालणार, तोच मी दचकून ओरडले, "शिवू नका! सोवळ्यात आहे!"

(दोन वर्षं पुण्याच्या कॉलेजात लॉजिक शिकले. ऐन वेळी सुचलं ते हे.)

"सोवळ्यात? तू?" त्यांनी घोंगडीखालून ठिबकणारी चादर पाहिली आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला, की माझ्या लग्नातही फुलला नव्हता. "आणि तेही ओलेत्यानं! यशोदाबाई, अहो यशोदाबाई, आमची कॉलेजातली सून बघा या!"

शेजारच्या यशोदाबाई धावत आल्या. "पण असं निजून कसलं हो सोवळं?"

"पुण्याकडचं असेल," सासूबाई म्हणाल्या.

इतक्यात हे बर्फ घेऊन आले. "मला सोडवा हो," मी पुटपुटले.

"मुकुंदा, खबरदार! दुकानातून आलायस, शिवू नकोस तिला!"

यशोदाबाई अजून पारोशा. सासूबाई अख्खी पेठ तुडवून आलेल्या. म्हणजे मला सोडवायला लायक असं माणूसच घरात उरलं नाही. "पड हो बाळ, मी आंघोळ करून येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांची आंघोळ म्हणजे स्तोत्रांसकट पाऊण तास. मी पडले. (दुसरं काय करणार?) पायाची बोटं आहेत की गेली, हेही कळेना.

शेवटी ओलेत्या सासूबाईंनी सुंभाची गाठ सोडली, आणि नेमका तेव्हाच संध्याकाळचा भोंगा झाला! मी ताडकन् उभी राहिले. सरळ! सकाळी भोंग्यानं धरलेली कंबर भोंग्यानंच सोडली होती. पण चादरीतून पचकन् काहीतरी खाली पडलं. यांचा पायमोजा. (बर्फाचा खडा त्यात घातला होता. मोजा धुतलेला नव्हता.)

सासूबाईंनी तो चिमट्यानं उचलून माझ्यापुढे धरला. "आणि हा कुठल्या देवाचा?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. "आता नोकरी बंद ना?"

"सकाळी घागर धरून 'आई गं' केलंस, ते मला ऐकू आलं नाही होय? आणि बंद कशी? पुराणाला येणाऱ्या झाडून साऱ्या बायकांना सांगून बसलेय, आमची सून मास्तरीण होणार म्हणून. उद्या शिंकत जा, पण जा!"

मी शिंकतच गेले. शाळेच्या थोरल्या बाईंनी पहिलाच तास दिला आरोग्याचा. मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'थंड पाण्याचे फायदे', आणि वर्गाकडे वळून लागोपाठ अकरा वेळा शिंकले.

पहिल्या बाकावरची विजयमाला हात वर करून उभी राहिली. काळजीनं म्हणाली, "बाई, तुमी ऊन पाण्यानं आंघोळ करता व्हय?"