क्लचचा ढेकर

टप्प!

सकाळची वेळ. भवानी अजून झोपलेली, घरात इतकी छान शांतता, की मी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्यानं घेत होते. चार वर्षांच्या मुलीच्या आईला अशी शांतता वर्षातून एखाद्या सणालाच मिळते! आणि त्यात हे टप्प! मला वाटलं, कॉफीचा फिल्टर ठिबकतोय. पाहिलं, तर फिल्टर केव्हाच कोरडा. आवाज पोर्चमधून येत होता. आमच्या पिकअपच्या पोटाखालून!

खाली तेलाचं थारोळं. आत चढून क्लच दाबला, तर पॅडल सांबारात बुडालेल्या पापडासारखं खाली बसलं ते उठेचना!

एरवी म्हटलं असतं, बसू दे. पण आज गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात बायकांचं भजन होतं. आमच्या सासूबाई, मीनाक्षीबाई, जन्मभर भजनात मागे म्हणत आल्या. पुढची बाई एक ओळ म्हणणार, ह्या तीच ओळ झेलणार. आज पहिल्यांदा त्यांना पुढे बसून म्हणायला बोलावलं होतं! आठवडाभर त्या घरात स्वतःशी पुटपुटत होत्या आणि मिरच्यांऐवजी सुंठ कुटत होत्या. वेळेवर पोचलो नाही, तर त्यांच्या जागी तिरुप्पनंदाळ गावची भजनी मंडळी बसणार.

"दुसरी गाडी बघ गे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

कुठली गाडी? लग्नाचा मुहूर्त! आमच्या कुंभकोणातलं चाक असलेलं सगळं वऱ्हाडात गेलेलं. रंगा मेकॅनिकला फोन केला, तर तो साक्कोट्टैला लग्नात आणि त्याच्या कानापाशी नादस्वरम्. "हॅलो" एवढंच कळलं, तेही मीच म्हटलेलं. नवरा कल्याणराम माइक लावायला पहाटेच पुढे गेलेला.

"काही काळजी करू नका, आई," मी पदर खोचला. "मी करते!"

तुम्ही हसाल, पण माझा आत्मविश्वास पोकळ नव्हता. क्लचचा खालचा छोटा सिलिंडर गळतोय हे मला ठाऊक होतं. कल्याणरामनं नवा आणून फळीवर ठेवला होता, "देवळातला उत्सव झाला की बसवतो" म्हणून. त्याच्या हाताखाली मी हे काम पाहिलेलं. दोन बोल्ट, एक नळी. मग नळीतली हवा काढायची, की झालं. हवा राहिली तर पॅडल पोचट लागतं. म्हणजे काय, दूध प्यायलेलं बाळच की! खांद्यावर घ्या, पाठ थोपटा, ढेकर काढा. भवानीसारख्या पोटदुख्या बाळाचे ढेकर काढलेल्या बाईला क्लचचं काय भय?

सिलिंडर बसला. खरंच बसला! मी स्वतःलाच मनातल्या मनात ओवाळलं. आता ढेकर. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालची चावी सैल करून हवा सोडायची, चावी आवळायची, मगच वरच्यानं पाय सोडायचा.

सासूबाईंना मी ड्रायव्हरच्या जागी बसवलं. डावीकडचं पॅडल दाखवलं. "मी खालून सांगेन. तुम्ही तेच परत सांगा, म्हणजे मला कळेल."

"सरि," त्या आमच्या कुंभकोणी मराठीत म्हणाल्या. "तें मज येतें."

एव्हाना उठलेल्या भवानीला बॉनेटपाशी स्टुलावर उभं केलं. "ह्या क्लचच्या डब्यातलं तेल खाली गेलं की ओरड हं, कण्णा!"

मी पाना घेऊन गाडीखाली शिरले.

"दाबा!"

वरून गोड आवाज, "दाबा!"

"धरा!"

"धरा!"

चावी सैल केली. ना तेल, ना बुडबुडा. आवळली. "सोडा!"

"सोडा!"

पुन्हा. पुन्हा. थेंब नाही! भवानीही गप्प. मी म्हटलं, वा, तेल खाली जातच नाही, म्हणजे गळती थांबली! तर्काच्या बाबतीत आमच्या माहेरी सगळे असेच.

तेवढ्यात आमच्याच पिकअपमधून यायच्या भजनाच्या बायका आल्या आणि मागच्या हौद्यात चढून बसल्या. मी "दाबा!" म्हटलं, आणि पाच-सात गळ्यांतून उत्तर आलं, "दाबा!" कुणीतरी टाळ काढले. "धरा!" छन्! "सोडा!" छन्! छन्! कुणी खालचा सूर धरला, कुणी वरचा. गाडी डोलू लागली!

समोरच्या गोमतीमामींना वाटलं, गाडीची पूजा चाललीय. त्या ताट घेऊन धावल्या. चाकांखाली लिंबं ठेवली. एक घरंगळत माझ्या कानाशी येऊन थांबलं. नारळ फुटला, पाणी माझ्या पोटरीवर. बाहेर आलेले माझे पाय पाहून मामी क्षणभर विचारात पडल्या असाव्यात. मग त्यांनी दोन्ही अंगठ्यांना कुंकू लावलं!

मी सरपटत बाहेर आले. दार उघडून पाहते, तर सासूबाई सीटवर मस्त मांडी घालून बसलेल्या! डोळे मिटलेले. पॅडल बिचारं एकटं.

"आई! दाबलं नाहीत?"

"तूं म्हण म्हणालीस, तें म्हटलें," त्या भाबडेपणानं म्हणाल्या. "दाब, असें कोण सांगितलें?"

हौद्यातून एकदम, "कोण सांगितलें!" छन्!

मला हसू आवरेना. पण पाहिलं, तर सासूबाईंचे डोळे भरलेले. "मज पुढें म्हणणें जमायचें नाही गे. जन्मभर मागेंच. जाऊं दे तिरुप्पनंदाळच्यांस."

मी घड्याळ पाहिलं, त्यांना पाहिलं. "उलट करू," मी म्हटलं. "तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही दाबून सांगायचं, मी खालून झेलणार."

पुन्हा गाडीखाली. वरून कापरा आवाज, "दाबलें..."

"दाबलें!" मी चावी फिरवली. फुर्र! बुडबुडे!

"खाली गेलं! खाली गेलं!" भवानी किंचाळली. मी बाहेर धावून तेल ओतलं, परत आत.

"दाबलें!" आता आवाज मोकळा.

"दाबलें!" फुर्र!

पण ह्या बाईंना एकदा पुढे बसवल्यावर त्या थांबतात होय? लय वाढली. दाबलें-सोडलें-दाबलें-सोडलें! मी चावी आवळेपर्यंत दुसरी ओळ! तेलाची पिचकारी थेट माझ्या नाकावर. "आई, सावकाश!" मी ओरडले, तर हौद्यानं तेवढंच झेललं, "सावकाश!" छन्!

आणि मग एकही बुडबुडा न येता तेलाची सरळ धार आली. पॅडल टणक! क्लचनं ढेकर दिला होता, आणि सासूबाईंना आवाज फुटला होता.

लिंबं चिरडत मीच गाडी हाणली. देवळात पाय ठेवला, तेव्हा तिरुप्पनंदाळच्या बाई खाकरून गळा साफ करत होत्या. सासूबाई सरळ जाऊन पुढे बसल्या. पहिली ओळ अशी काही सोडली, की अख्ख्या मंडपानं ती झेलली. कल्याणराम माइक सोडून आईकडे बघत राहिला. मी खांबाशी उभी. नाकाला तेल, अंगठ्यांना कुंकू आणि डोळ्यांत काय ते सांगत नाही.

भवानीनं माझा पदर ओढला.

"अम्मा, आजी म्हणते ते सगळी माणसं लगेच ऐकतात."

"हो गं कण्णा."

"मग तू सांगतेस ते मी का ऐकत नाही?"