शहाजीरावांची स्तरनिश्चिती

या व्यवहारात शहाजीराव खराडे यांचे बारा शनिवार वाचणार होते. शिवाय सोसायटीत मिरवायला एक मोठेपणा मिळणार होता. खर्च म्हणावा तर एका रविवारची सकाळ, तीही अर्धीच. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ते रबरी वॉशरांची तपासणी करत, तिथे याहून अवघड माल रोज याहून स्वस्तात पास होत असे.

झालं होतं असं, की त्यांची मुलगी मैत्री जिथे सातवीत होती, त्या नेरूळच्या शाळेने यंदा घटक चाचण्या बंद केल्या. त्यांच्या जागी आली ‘स्तरनिश्चिती’. मुलांनी घरी बसून कॉम्प्युटरवर प्रश्न सोडवायचे. पास नाही, नापास नाही, गुण नाहीत, नंबर नाही. “कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही,” असं वर्गशिक्षिका नूरीन मिसनी पालकसभेत सांगितलं, आणि मुलांचे तीन गट पडतील हेही सांगितलं: अंकुर, रोप आणि वृक्ष. यातला ढ मुलांचा गट कोणता, हे एकाही पालकाला विचारावं लागलं नाही.

अंकुर गटाला दिवाळीपर्यंत दर शनिवारी आठ ते अकरा जादा वर्ग होता. मुलाशेजारी एका पालकानेही बसायचं होतं. पत्नी मोनाली बँकेत, तिला शनिवार निम्मेच सुट्टीचे. शहाजीरावांच्या कंपनीने मात्र एप्रिलपासून सगळे शनिवार सुट्टीचे केले होते. ती खुर्ची कोणाची, हे सभेतच ठरल्यासारखं होतं. त्यात ते वर्गाचे पालक प्रतिनिधी. प्रतिनिधीचीच मुलगी अंकुरात म्हटल्यावर बोलायची सोय राहिली नसती.

“मैत्रीला गणित येतं,” मोनाली म्हणाली. “कशाला घाबरता?”

“येतं गं. पण एकेका गणिताला दहा मिनिटं लावते. कॉम्प्युटर काय थांबतोय होय तिच्यासाठी?”

“मग काय करायचं म्हणता?”

“मी देतो.”

मोनालीने हातातली कणीक तशीच ठेवली. “तिची परीक्षा तुम्ही देणार?”

“परीक्षा कुठाय? मिस स्वतः म्हणाल्या, परीक्षा नाही. हे सॅम्पल आहे.” शहाजीराव समजावून सांगू लागले. “आमच्याकडे गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येतो, तेव्हा आम्ही काय करतो? हाताला लागेल ती पेटी उघडतो का? चांगली पेटी वर ठेवतो. फसवणूक नाय ती. त्याला म्हणतात तयारी.”

“आणि घरातली चांगली पेटी तुम्ही?”

या प्रश्नाचं उत्तर शहाजीरावांनी कृतीने द्यायचं ठरवलं.

जुलैतल्या त्या रविवारी सकाळी मैत्री गोलकीपरचे हातमोजे घालून दारात उभी होती. “बाबा, मिस म्हणाल्यात स्वतः सोडवा.”

“तू जा. सिदरा खाली खोळंबलीय.”

मैत्रीने हातमोज्याचा पट्टा ओढून घट्ट केला. मग गेली. ती मुलींच्या संघात गोल राखायची, आणि दिवाळीनंतर दर शनिवारी सकाळी चौदा वर्षांखालच्या संघाची निवड होती. त्यापुढे बाकी सगळं तिला थोडं लहान वाटायचं.

पहिला प्रश्न होता टाकीचा. टाकीतलं एक तृतीयांश पाणी वापरलं, उरलेल्यातलं एक चतुर्थांश सांडलं, टाकीत किती भाग पाणी राहिलं? शहाजीरावांनी ‘उरलेल्यातलं’ या शब्दावर वेळ घालवला नाही. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, ते एकातून वजा, पाच छेद बारा. पर्यायांत पाच छेद बारा होतंच. ते नेमकं अशाच माणसांसाठी तिथे ठेवलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरा प्रश्न जरा सोपा आला. तिसरा त्याहून सोपा.

“बघ,” ते आत ओरडले, “नरम पडायला लागलाय.”

वेग वाढवत ते सातवीतून सहावीत, सहावीतून पाचवीत उतरत गेले, आणि प्रत्येक पायरीला त्यांची कॉम्प्युटरविषयीची कीव वाढत गेली. अकराव्या मिनिटाला त्याने चार वस्तूंतली सर्वात जड वस्तू कोणती, एवढंच विचारलं आणि आभार मानून चाचणी संपवली.

“दमला,” शहाजीराव म्हणाले. “विचारायला काही उरलंच नाय त्याच्याकडे.”

संध्याकाळी गेटपाशी मैत्रीच्याच वर्गातल्या सिदराचे वडील मुस्तफाभाई भेटले. त्यांचं शिरवण्याच्या नाक्यावर हार्डवेअरचं दुकान होतं, आणि चेहरा उतरलेला होता.

“काय सांगू शहाजीराव, पोरीला घाम फुटला आमच्या. एक गणित सुटलं की पुढचं त्याच्या वरचं. शेवटी शेवटी तर आकडेच गायब, नुसते एक्स आणि वाय. सव्वा तास. मग हुंदके द्यायला लागली.”

“आमच्या मैत्रीला शेवटी वजनं विचारली,” शहाजीराव जमेल तेवढ्या नम्रतेने म्हणाले. “टेन्शन घेऊ नका. अंकुर म्हणजे काय अगदी वाईट नसतं. आणि पालक प्रतिनिधी मीच आहे, काय लागलं तर सांगा.”

मुस्तफाभाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

गुरुवारी निकाल आला. सिदरा वृक्ष. मैत्री अंकुर, स्तर चौथीचा.

सोबत कॉम्प्युटरने लिहिलेला अभिप्राय होता. मोनालीने तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. “विद्यार्थिनी प्रश्न पूर्ण वाचत नाही. समोरच्याचं म्हणणं संपण्याआधी तिचं उत्तर तयार असतं. चूक झाल्यास ती थांबत नाही, वेग वाढवते. आत्मविश्वास क्षमतेपेक्षा बराच अधिक आहे. घरच्यांनी न रागावता, प्रेमाने धीर द्यावा.” तिने कागद खाली ठेवला. “पंधरा वर्षं संसार करून मला जे कळलं, ते याला अकरा मिनिटांत कळलं.”

“बाबा,” मैत्री म्हणाली, “यातलं मी काहीच नाहीये.”

“तांत्रिक बिघाड असणार,” शहाजीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते नूरीन मिसना भेटले. “मिस, आमच्याकडे एक लॉट रिजेक्ट झाला की दुसरं सॅम्पल काढायची पद्धत आहे.”

“फेरचाचणी ऑक्टोबरमध्ये, सर. शाळेतच. त्याआधी नाही.” मिसनी नियमांचं पान उलटलं. “हां, चाचणी मैत्रीने न देता दुसऱ्या कुणी दिली असेल, तर मात्र लगेच घेता येते. तसं पालकांनी लेखी द्यायचं. तो कागद पालक समितीपुढे जातो.”

त्या समितीत शहाजीराव दर महिन्याला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत, आणि मागच्याच बैठकीत मुलांच्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले होते.

“छे छे. तसं काही नाही.”

घरी मोनालीने एवढंच विचारलं, “सांगितलंत?” आणि त्यांचा चेहरा बघून म्हणाली, “मी सांगणार नाही. तोंड तुमचं आहे.” मैत्रीने हातमोजे धुऊन वाळत घातले.

मग शनिवार सुरू झाले. बाप आणि लेक एका बाकावर बसत. मिस अभिप्रायाप्रमाणे सराव देत, त्यामुळे बाकावरचा अभ्यासक्रम तंतोतंत शहाजीरावांच्या मापाचा होता. मैत्री आपलं गणित दोन मिनिटांत संपवून बसे, आणि मग वेळ जात नाही म्हणून बापाकडे वळे.

“बाबा, प्रश्न परत वाचा.”

“वाचला.”

“शेवटपर्यंत?”

“त्यात काय असतंय शेवटी?”

“तिथेच असतं सगळं.”

पाचव्या शनिवारी टाकीतलं पाणी निम्मं उरलं. सातव्या शनिवारी शेकडेवारी कळली. नवव्या शनिवारी शहाजीराव कारखान्यातून वॉशरांची मापं घेऊन आले आणि वर्तुळाबद्दल आणि स्पर्शिकेबद्दल स्वतः होऊन शंका विचारल्या. दोन बाकं मागे बसलेल्या एका आजोबांना ते अपूर्णांक समजावून द्यायला लागले. नूरीन मिस लांबून बघत होत्या.

ऑक्टोबरमध्ये मैत्रीने शाळेच्या कॉम्प्युटरवर फेरचाचणी दिली. संथपणे, एकेका गणिताला हवा तेवढा वेळ घेऊन. ती थेट आठवीच्या स्तरावर गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नव्या पद्धतीत मूल कुठे आहे याला किंमत नसते, किती वाढलं याला असते. चौथीपासून आठवी, बारा शनिवारांत. एवढी वाढ शाळेत कुणाचीच नव्हती. मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमनी मैत्रीचा आलेख मोठा करून प्रवेशद्वाराशी लावला आणि संस्थेच्या अहवालात पहिल्या पानावर घातला. शहाजीरावांना शाल मिळाली. पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं, ते चौदा मिनिटं बोलले. विषय होता ‘संयम’.

शाल घरी पोचायच्या आत नूरीन मिसचा फोन आला. “सर, एक नियम आहे. एका इयत्तेपेक्षा जास्त वाढ झाली तर ती अस्थिर धरतात. ती स्थिर होईपर्यंत मूल त्याच गटात ठेवतात. आणखी बारा शनिवार, दिवाळीनंतर.”

मैत्रीने ऐकलं. ती रडली असती तर शहाजीरावांना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मग निवडीला मी नसणार.”

“तू आधी का नाय बोललीस मिसना? की चाचणी तू दिलीच नव्हतीस म्हणून?”

“तुमचं प्रतिनिधीपद गेलं असतं ना.”

त्या संध्याकाळी शहाजीरावांनी कागद घेतला आणि एकही शब्द न वगळता सगळं लिहिलं. सोमवारी तो कागद सरोजिनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. नूरीन मिस बाजूला उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हायसं वाटल्यासारखं दिसलं.

मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला. “खराडेसाहेब, हा आलेख संस्थेकडे गेलाय. पुढच्या महिन्यात बाहेरगावचे मुख्याध्यापक तो बघायला येणार आहेत. आणि तुम्ही म्हणता, जुलैत तुम्ही होतात.”

“मीच होतो, मॅडम.”

“पुरावा?”

आपण चौथीच्या स्तराचे आहोत याचा पुरावा कुणी मागेल, असं शहाजीरावांना वाटलं नव्हतं. तोडगा नूरीन मिसनी काढला. “मॅडम, सरांनी तीच चाचणी इथे आपल्यासमोर द्यावी. चौथीचा स्तर आला तर सर खरं बोलतायत. मैत्रीला लगेच वृक्षात घेऊ.”

घरी आनंद झाला. इतकी सोपी परीक्षा खराडेंच्या घराण्यात कुणालाच मिळाली नव्हती.

“सगळं चुकवायचं,” मोनाली म्हणाली. “तेवढं जमेल ना?”

“चुकवायला काय लागतंय?”

“बाबा,” मैत्रीने बजावलं, “प्रश्न सोपे व्हायला लागले की समजायचं, बरोबर चाललंय.”

मंगळवारी सकाळी दहाला शहाजीराव कॉम्प्युटरपुढे बसले. मागे मॅडम, बाजूला मिस, दाराबाहेर मैत्री. पहिले दोन प्रश्न त्यांनी नीट वाचले, बरोबर उत्तरं मनात काढली आणि ती सोडून दुसरीच दाबली. प्रश्न सोपे झाले. मिसनी मान किंचित हलवली.

तिसरा प्रश्न: दुकानदाराने किंमत शेकडा वीसने वाढवली आणि वाढलेल्या किमतीवर शेकडा वीस सूट दिली. नफा की तोटा?

शहाजीरावांचं बोट ‘ना नफा ना तोटा’वर गेलं. जुलैत त्यांनी हेच दाबलं असतं, आणि मनापासून.

मागे मॅडम हलकेच हसल्या. “हे सगळ्या पालकांचं चुकतं,” त्या मिसना म्हणाल्या.

बोट थांबलं. क्षणभर शहाजीराव बाप होते, आणि मग नव्हते. त्यांनी ‘शेकडा चार तोटा’ दाबलं आणि मागे वळून मॅडमकडे पाहिलं.

पुढचा प्रश्न कठीण आला. कठीण येणं म्हणजे काय, हे आता त्यांना माहीत होतं. एवढा एक, असं म्हणून त्यांनी तोही सोडवला. त्याच्या पुढचा आणखी कठीण. नूरीन मिस खोकल्या. दोनदा खोकल्या. शहाजीराव प्रश्न शेवटपर्यंत वाचत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. पन्नास मिनिटांनी ते वर्तुळाच्या स्पर्शिकेवर होते, आणि तीही त्यांना आली.

पडद्यावर उमटलं: वृक्ष. स्तर दहावीचा.

मॅडमनी त्यांचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “जुलैत ज्याने पेपर दिला त्याला अपूर्णांक येत नव्हते, खराडेसाहेब. तुम्हाला स्पर्शिका येतात. मुलीला शनिवारी सुटका मिळावी म्हणून स्वतःवर आळ घेतलात. चूकच आहे, पण मी समजू शकते. बापाचं मन.”

नूरीन मिस खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मैत्री दारातच होती. “आले का सोपे?”

“आले. पहिले दोन.”

“मग?”

“मग मॅडम हसल्या.”

मैत्री जिन्याकडे वळली. जिना उतरताना शहाजीराव दोनदा म्हणाले की शेवटचा फार कठीण होता, आणि दोन्ही वेळा तिने “हो बाबा” म्हटलं.

दिवाळीनंतरचा हिशेब असा. शाळेला आलेख राहिला. मॅडमना पाहुणे मिळाले. मुस्तफाभाईंच्या सिदराला संघात गोल राखायची जागा मिळाली, आणि ती घेताना तिने मैत्रीचे हातमोजे मागून नेले, कारण सिदराला स्वतःचे सैल होत होते. दहावीच्या स्तरावरच्या पालकाने अंकुर वर्गात बसण्याची गरज नाही, असा निर्णय समितीने घेतला. ठराव स्वतः पालक प्रतिनिधींनी वाचून दाखवला. त्यामुळे शनिवारी सकाळी आठला मैत्री एकटीच वर्गात जाते, दोन मिनिटांत आपलं गणित संपवते आणि अकरापर्यंत बसून राहते.

शहाजीराव घरी असतात.