पातुरकर काकांचं पुण्याचं विमान

हातात बॅग दिसली की लोक विचारतात, कुठे निघालात? आमचे पातुरकर काका विचारतात, "कुठून उडून राहिले?"

उत्तर 'जबलपूर' असलं तर काका स्वतः बॅग उचलून ऑटोपर्यंत येतात. 'नागपूर' असलं तर मात्र तुमची धडगत नाही. आमच्या जबलपुरात बरेच लोक हेच करतात. पुण्याचं तिकीट नागपूरहून जरा स्वस्त पडतं, म्हणून पहाटे टॅक्सी करून पाच-सहा तास पाठ आखडून घेतात आणि वर आपल्या गावाला विमान टिकत नाही म्हणून गळाही काढतात.

काकांचं म्हणणं सरळ आहे. "विमानतळ म्हणजे दुकान आहे, बेटा. आपणच समोरून दुसऱ्या बाजारात गेलो तर दुकानदार शटर पाडणारच ना?" आठवड्यातून तीनदा पुण्याला जाणारं आमचं विमान बंद होणार अशी कुणकुण लागली, आणि फॅक्टरीतून रिटायर झालेल्या या माणसाने ते दुकान चालवायचा मक्ताच घेतला.

सदर बाजारातल्या साठेंच्या मुलीचं लग्न पुण्याला ठरलं, तेव्हा काका गुरुजींच्या पंचांगाशेजारी विमानाचं टाइमटेबल ठेवून बसले. मुहूर्त दोन दिवस पुढे सरकला आणि अख्खं वऱ्हाड इथूनच उडालं. सिहोऱ्याच्या मटारवाल्या व्यापाऱ्यांना ते बसने जाऊन भेटले आणि पुण्यात धंदा वाढवा, असा सल्ला देऊन आले. व्यापाऱ्यांनी चहा पाजला आणि 'अच्छा, देखेंगे' म्हणून वाटेला लावलं.

विमान यायच्या दिवशी काका विमानतळाच्या बाहेर खोव्याच्या जिलेबीचा डबा घेऊन उभे. दुसऱ्या हातात पाटी, आणि पाटीवर कुणाचंच नाव नाही. ही कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. "ज्याला घ्यायला कोणी नाही आलं, त्याच्यासाठी," काका म्हणाले.

अशाच एका औषध कंपनीच्या माणसाला त्यांनी घरी नेऊन पोहे खाऊ घातले आणि भेडाघाटला फिरवून आणलं. बिचारा डॉक्टरांना भेटायला आला होता, तो धुवांधार धबधब्याच्या तुषारांत भिजून परत गेला. पण पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आला, आणि काकांनी ती बातमी आठवडाभर सगळ्या कॉलनीला ऐकवली.

यंदा दिवाळीला मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून मीही गुपचूप नागपूरहून तिकीट काढलं. काकांनी मला टॅक्सीपाशीच पकडलं. आता भाषण ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली, पण ते रागावलेच नाहीत.

"परत येताना तरी इकडे उतर," ते म्हणाले. "आणि अक्काला सोबत घेऊन ये. यंदा एकटीने जमणार नाही, असं म्हणून राहिली ती."

अक्का म्हणजे त्यांची पुण्यात राहणारी मोठी बहीण, पंच्याऐंशीची. ट्रेनचा प्रवास आता तिला झेपत नाही. काकांनीच पुण्याला जाऊन ओवाळून घ्यावं, तर तिचा हट्ट, भाऊबीज माहेरीच करणार. हे सगळं सांगून झाल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "फ्लाइट बंद झाली म्हणजे अक्काचं माहेर बंद, बेटा."

मला फार लाज वाटली. परतीचं तिकीट मी टॅक्सीत बसल्याबसल्याच बदललं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पुण्याला अक्कांना व्हीलचेअरवरून आणून विमानात बसवलं. आमच्या मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. अक्कांनी मान वळवून त्या बघितल्या आणि गुडघे चोळत बसल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, माहेर म्हटलं की बाईला कुठूनही बळ येतं.

"माहेराचं काय घेऊन बसलीस," अक्का म्हणाल्या. "ते आई गेली तेव्हाच संपलं. पण मी नाही आले तर त्याच्या घरी दुसरं कोण येणार आहे? म्हणून मी हट्ट करते."

काकांचं घर आमच्या अगदी समोर आहे. मी त्यांच्याकडे शेवटची कधी गेले होते, ते विमान उतरेपर्यंत मला आठवलं नाही.