सोमनाथरावांची अस्कान्सवरील स्वारी

श्रीखंडेरायाचे पायी मस्तक ठेवून, घडले ते घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरते जाणावे. शके १९४८, पराभवनाम संवत्सरी (नावावर जाऊ नये), अधिक ज्येष्ठमासी राजमान्य राजेश्री सोमनाथराव, स्पर्धापरीक्षा-धुरंधर, ठाणे बीड, यांसी दिंद्रुडाहून सासऱ्यांचे धोंड्याच्या जेवणाचे आवतण आले. मग रावांनी इस्तरीचा सदरा चढविला आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा काबीज केली आणि मजल दरमजल करीत सासुरवाडीस दाखल जाहले.

सासरे धुळाजीबावा, शेरडांच्या कळपाचे सरदार. त्यांची मसलत ऐसी, की जावई बीडास क्लास करितो, निकाल तर दृष्टीस पडत नाही. तेव्हा इंग्रजीची परीक्षा घ्यावी आणि शिकस्त जाहल्यास क्लास मोडून शेरडांमागे धाडावे. कामगिरी धाकटी कन्या मोहिनी, बारावी सायन्स, हिजकडे सोपविली. पान मांडले, पुरणाचे धोंडे वाढिले, वर तुपाची धार जाहली आणि राव घास उचलणार तो मेव्हणीने ताट ओढून फर्मान काढिले, "दाजी, अस्कान्स म्हंजी काय? वाक्यात बसवा, मंगच धोंडा."

राव मनी हरखले. शब्द परिचयाचा! क्लासात सारी फौज एका सुरात शब्द घोकीत असे; परंतु त्या दिवशी रावांस डुलकी लागली आणि खालच्या ओळीचा अर्थ वरच्या शब्दास चिकटला, याची त्यांस खबर नव्हती. मग छाती काढून जबाब दिधला, "अस्कान्स म्हंजी लई मायेनं. माय फादर-इन-लॉ लुक्स ॲट मी अस्कान्स. मामा माझ्याकडं लई मायेनं बघत्यात."

मोहिनीने मोबाइल उघडून अर्थ मोठ्याने वाचिला, की तिरप्या नजरेने, संशयाने, नापसंतीने पाहणे ते अस्कान्स. आणि हा शब्द बहुतकरून 'लुक'च्याच मागे चालतो. बीड गेले, शेरडे आली, ऐसे रावांस वाटले.

तेसमयी धुळाजीबावा मिशीवर हात फिरवून वदले, "वाक्य तर खरं हाय की! सोयरीक जमली तवापून म्या यांच्याकडं असंच बघतोय. अर्थ चुकला आसंल, वापर न्हाई चुकला."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. क्लासाची आणखी एका सालाची सनद जावयास बहाल जाहली आणि धोंडे तुपासकट दाढेखाली गेले. सनद देतेसमयी सासऱ्यांची नजर कैसी होती, हे सोमनाथरावांनी इंग्रजीत अचूक सांगितले. या खेपेस अर्थासह.