धनेशाच्या ढोलीतले तीन आभार

एका जंगलात बेहड्याचं एक उंच झाड होतं. जंगल कुठलं, ते विचारू नका. तिथं अजून डांबरी रस्ता पोचलेला नाही, म्हणून त्याला जंगल म्हणायचं. रस्ता पोचला की त्याला पर्यटनस्थळ म्हणतात.

त्या बेहड्याच्या ढोलीत द्वारकाबाई नावाच्या धनेशीणबाई राहत होत्या. धनेश पक्षी तुम्ही पाहिला नसेल. चांगला घारीएवढा असतो आणि चोच अशी, की आजोबांची छत्रीच तोंडात धरून निघालाय.

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली, की बाई ढोलीत शिरते आणि दार लिंपून टाकते. कशानं? चिखलानं, फळांच्या चोथ्यानं आणि, बाळांनो, नाक मुरडू नका, स्वतःच्या शिटेनं. चोचीचं टोक बाहेर निघेल एवढी फट फक्त ठेवते. आत बसलं की तिच्या पंखांची पिसं गळतात. मग दोन-तीन महिने तिला उडता येत नाही. बाहेर असतो एकटा नवरा. त्यानं फळं आणली तर जेवण, नाही आणली तर एकादशी.

नवऱ्यावर एवढा भरवसा टाकणारी जात दुसरी नसेल. तरी धनेश अजून टिकून आहेत, हे विशेष.

द्वारकाबाईंच्या यजमानांचं नाव नारोपंत. आठ वर्षांचा संसार होता. नारोपंत सकाळी उजाडताच निघायचे, गळ्यात दहा-बारा उंबरं भरून आणायचे, झाडावर चोच आपटायचे आणि एकेक उंबर फटीतून आत द्यायचे. अशा दिवसाला पंधरा फेऱ्या. बोलणं जेवढ्यास तेवढं.

"आजची उंबरं किडकी आहेत हो."

"किड्यासकट खा. अंगी लागतील."

"काल आंबट होती."

"उद्या तुझ्या माहेरची आणतो."

झालं. ते उडून जायचे, त्या पोटभर खायच्या. आठ वर्षांत दोघांनी एकमेकांचे आभार एकदाही मानले नव्हते. ते त्यांना सुचलंच नव्हतं. आणायचं, खायचं आणि नावं ठेवायची. संसार सुखाचा चालला होता.

त्या वर्षी ढोलीत दोन पिल्लं निघाली. थोरला आणि धाकटा. दोघंही सात जन्मांची उपाशी असल्यासारखी ओरडायची. आणि त्याच वर्षी जंगलात मिठूशास्त्री आले.

मिठूशास्त्री म्हणजे पोपट. चार वर्षं एका शहरातल्या बंगल्यात पिंजऱ्यात होते. त्या बंगल्यातल्या बाई रोज सकाळी चहा पिता पिता एका वहीत आभार लिहायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. सूर्याचे आभार, खिडकीचे आभार, चहाचे आभार. चहा करून आणणाऱ्या मुलीचं नाव त्या वहीत चार वर्षांत कधी आलं नाही. पण हे शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचं काम पाठ करायचं. एके दिवशी पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि सगळी विद्या घेऊन ते जंगलात परतले.

बाहेरून आलेला तो शहाणा, हा जंगलाचा जुना कायदा आहे. पहिल्याच संध्याकाळी वडाखाली ही गर्दी!

"बंधूंनो आणि भगिनींनो," मिठूशास्त्री म्हणाले, "तुम्ही दुःखी का आहात?"

खरं तर कुणी दुःखी नव्हतं. पण एवढा मोठा पोपट विचारतोय म्हटल्यावर सगळ्यांनी चेहरे पाडले.

"कारण तुम्ही आभार मानत नाही!"

मग त्यांनी नियम सांगितले. रोज संध्याकाळी प्रत्येकानं तीन आभार मानायचे. एकदा मानलेला आभार पुन्हा चालणार नाही. घरात काहीही देता-घेताना आधी डोळे मिटून आभार मानायचे. आणि तक्रार बंद. जो कुरकुर करील त्यानं सात वेळा म्हणायचं, 'मी भाग्यवान आहे.' येत्या पौर्णिमेला सगळ्यांत कृतज्ञ कुटुंबाला हार घालण्यात येईल.

हार म्हटल्यावर नारोपंतांचे डोळे चमकले. एवढी मोठी चोच घेऊन जन्माला आले, पण कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. बायकोनं तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. चोच आपटली. द्वारकाबाईंनी फटीतून टोक बाहेर काढलं. उंबर काही येईना.

"अहो, द्या की."

"आधी तीन आभार मान. मग मी तुझ्या आभारांबद्दल तुझे आभार मानीन. मग उंबर."

"आणि पोरं ओरडतायत ती?"

"त्यांनाही शिकव."

द्वारकाबाईंनी पटकन तीन आभार मानले. तुमचे, उंबराचे, चोचीचे. नारोपंतांनी डोळे मिटून सावकाश उत्तर दिलं. एक उंबर आत गेलं. मग दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या उंबराला सूर्य डोक्यावर आला होता.

पहिले चार दिवस तसे निभले. पण आभारांचं एक असतं, बाळांनो. पुन्हा वापरायचे नाहीत म्हटलं, की ते लवकर संपतात. सूर्य झाला, वारा झाला, नदी झाली, झाडं झाली. आठव्या दिवशी नारोपंत खोडाच्या भेगांपर्यंत पोचले. मग ते ढोलीसमोरच्या फांदीवर बसून नवे आभार शोधू लागले. सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं शोधणं. पंधरा फेऱ्यांच्या पाच झाल्या. पाचाच्या दोन झाल्या, त्याही एकदोन उंबरांच्या.

शेजारच्या फांदीवर गोदी खार राहायची. ती रोज फटीशी येऊन बातम्या सांगायची.

"वहिनी, ऐकलंत का? कोल्ह्यानं काल ससा धरला! चांगला मानेला धरला. पण नियम ना, जेवायच्या आधी तीन आभार! डोळे मिटून बसला. दुसऱ्या आभाराला ससा पसार. चार दिवस झाले, असंच चाललंय त्याचं. पोट खपाटीला गेलंय, पण तोंडावर काय तेज आलंय म्हणून सांगू!"

"अशक्तपणा असेल," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्याकडे हो?"

"आमच्याकडेही तेज यायला लागलंय."

गोदीला वाईट वाटलं. तिनं दोन बिया आणून फटीतून आत ढकलल्या. पण त्या दगडासारख्या टणक. पिल्लांच्या घशाखाली उतरेनात.

द्वारकाबाईंनी आतून लिंपलेल्या भिंतीवर चोच ठेवून पाहिली. चार टोले घातले असते तर भिंत पडली असती. पण पुढं काय? पंखांना पिसं नव्हती. झाडाखाली एक घोरपड रोज येऊन बसत होती आणि वर बघून, न चुकता, ढोलीचे आभार मानत होती. भिंत फोडावी तर पोरं घोरपडीच्या तोंडी. न फोडावी तर उपाशी. त्या आयुष्यात पहिल्यांदा घाबरल्या.

शेवटी त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं.

"अहो, दोन दिवसांत सात उंबरं आलीत. पोरांना पुरत नाही."

नारोपंतांनी मान हलवली. दुःखानं नव्हे, शहाणपणानं.

"हेच चुकतं तुझं. जे नाही त्याच्याकडे बघतेस. सात आली, ते बघ ना. म्हण बघू सात वेळा, मी भाग्यवान आहे."

द्वारकाबाईंनी म्हटलं. भुकेल्या माणसाला वाद घालायची ताकद नसते, आणि भुकेल्या धनेशिणीलाही नसते. नारोपंत खूश झाले. त्या खुशीचा त्यांनी लगेच एक नवा आभार केला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटा रडायचा थांबला. थोरला अजून कुंईकुंई करत होता. धाकटा नुसता चोच टेकून पडला होता. द्वारकाबाईंनी त्याला हलवलं, टोचलं, रागं भरलं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. बाहेर फांदीवर नारोपंत स्वतःशीच म्हणाले, "वा, काय शांतता आहे!"

पौर्णिमेला संध्याकाळी, ऊन असतानाच, सगळं जंगल बेहड्याखाली जमलं. द्वारकाबाईंना बाहेर येता येत नाही, म्हणून स्पर्धाच त्यांच्या दारी आली होती. हरणं होती, मोर होते, आभार मानून मानून वाळलेला कोल्हा होता. घोरपड पुढच्या रांगेत होती.

नारोपंतांची पाळी आली. त्यांनी पंख छातीवर ठेवला.

"पहिला आभार, काल न आलेल्या वाऱ्याचा. तो आला नाही, म्हणून त्याची किंमत कळली."

"वाहवा!" मोर म्हणाले.

"दुसरा, माझ्या सावलीचा. दिवसभर बरोबर असते, पण कधी खायला मागत नाही."

"वाहवा, वाहवा!"

"तिसरा माझ्या कुटुंबाचा. त्यांच्यामुळे मला देण्याचा आनंद मिळतो."

एका हरणीनं डोळे पुसले. मिठूशास्त्री म्हणाले, "आता वहिनीसाहेब."

फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. ते थरथरत होतं. लोकांना वाटलं, भावना दाटून आल्या.

"पहिला आभार ह्यांचा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पूर्वी हे पंधरा फेऱ्या मारायचे. खाता खाता आमचा जीव जायचा. आता दोन मारतात. पोरांच्या बरगड्या अशा वर आल्यात, की थोरला त्यांच्यावर आकडे शिकतोय."

हरणीनं पुन्हा डोळे पुसले.

"दुसरा आभार धाकट्याचा. काल दुपारपासून तो रडत नाही. रडायला लागते तेवढीसुद्धा ताकद त्याच्यात उरली नाही. त्यामुळे ह्यांना आभार शोधायला शांतता मिळाली."

मग आवाज एकदम चढला.

"आणि तिसरा आभार ह्या भिंतीचा. ती मध्ये आहे म्हणून ह्यांची चोच अजून तोंडावर आहे!"

आणि मग काय झालं असेल?

तुम्हाला वाटेल, जंगलाला लाज वाटली. छे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहिलंत?" मिठूशास्त्री ओरडले. "पोटात कण नाही आणि तोंडी तक्रार नाही! पोराच्या बरगड्यांतसुद्धा शिक्षण पाहिलं! भिंतीलासुद्धा विसरल्या नाहीत! आणा तो हार!"

टाळ्या वाजवत नव्हता तो एकच जण. नारोपंत फांदीवरून उतरून फटीशी आले होते.

"धाकटा रडत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"कालपासून?"

"कालपासून. तुम्ही इथंच बसला होतात."

नारोपंतांनी फटीला डोळा लावला. आत बराच वेळ पाहिलं. मग ते वळले आणि त्यांनी झेप घेतली.

"नारोपंत, हार!" मिठूशास्त्री म्हणाले. "निदान हाराचे आभार तरी माना!"

पण ते उंबराच्या झाडाकडे कधीच निघून गेले होते. आभार न मानता गेले, म्हणून त्यांचं कुटुंब बाद झालं. हार कोल्ह्याला मिळाला. गळ्यात पडताच तो हाराच्या वजनानं खाली बसला. लोकांना वाटलं, विनय आहे.

नारोपंत परत आले. चोच आपटली, उंबर आत. चोच आपटली, उंबर आत. एक शब्द नाही. द्वारकाबाईंनी उंबर चिरडून धाकट्याच्या चोचीत घातलं. ते तसंच बाहेर सांडलं. दुसरं घातलं, तेही सांडलं. नारोपंत गळा रिकामा करून पुन्हा गेले. थोरला समोर हपापून खात होता, आणि त्या मात्र धाकट्याच्या गळ्याकडे बघत होत्या. तिसऱ्या फेरीला तो गळा हलला. एकदा. मग आणखी एकदा.

द्वारकाबाईंना भरून आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या धापा टाकणाऱ्या, चिकानं माखलेल्या नवऱ्याचे आभार मानावेसे अगदी मनापासून वाटले. त्यांनी चोच उघडली.

"अहो..."

"चोच उघडलीच आहेस तर आधी खाऊन घे," नारोपंत म्हणाले आणि एक उंबर तिच्यात कोंबून चौथ्या फेरीला उडाले.

सूर्य टेकता टेकता धाकट्यानं डोळे उघडले. पोटात सहा उंबरं होती. त्यानं सातवं मागितलं. ते यायला जरा उशीर झाला, तेव्हा त्यानं असा काही गळा काढला, की खाली घोरपड दचकून निघून गेली. इतकं कृतघ्न रडणं त्या जंगलात महिन्याभरात कुणी ऐकलं नव्हतं. मिठूशास्त्रींनी कान झाकले. नारोपंत आणि द्वारकाबाई, एक बाहेरून आणि एक आतून, भिंतीला टेकून ते ऐकत बसले. गाणं ऐकावं तसे.

तात्पर्य: ज्या घरात मुलं ताटावर बसून भाजीला नावं ठेवतात, ते घर सुखी समजावं. तिथं भाजी तरी आहे. आणि तुमच्या घरात उद्यापासून सगळेच एकमेकांचे गोड आवाजात आभार मानायला लागले, तर बाळांनो, आधी उठून स्वयंपाकघरात बघून या, चूल पेटली आहे का.