घरची अक्षरं

मुकुंद टेंबेला भीती वाटली की तो काहीतरी छापतो. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्याच्या घरी शेगडीवर ‘गरम’, जिन्यावर ‘सावकाश’, बॉयलरवर नुसतंच ‘नको’. अक्षरं जुन्या व्हिडिओ गेममधून उतरल्यासारखी: काळ्या चौकोनाला काळा चौकोन चिकटलेला, गोलाई नावालाही नाही. हा फाँट त्याने स्वतः कॉम्प्युटरवर बनवला होता.

“ही ठोकळी अक्षरं कुठून उचललीस?” मी एकदा विचारलं.

“घरची आहेत.”

मला तो विनोद वाटला. मुकुंद विनोद करत नाही, हे विसरलोच.

त्याचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू होई. समजा, छत गळलं. समजा, व्हिसा वाढवला नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी होती. म्हणजे कंपनी त्याला घाबरण्याचाच पगार देई.

आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं पोस्टर त्याने याच अक्षरांत केलं. अध्यक्षांनी भाषणात त्याला ‘अक्षरक्रांती’ म्हटलं. हॉलच्या इंग्रज केअरटेकरने मात्र ते दारावर पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “गॅस गळतोय का?”

त्या हिवाळ्यात मुकुंदाच्या बहिणीने आईला साताऱ्याहून आणून सोडलं, आणि घर सूचनांनी भरून गेलं. ‘संडास’. ‘तुझी खोली’. ‘पाणी इथे’.

“आता माझ्या कपाळावरही एक चिकटव,” मी म्हणालो.

तो हसला नाही. “आई परवा अनवाणी बाहेर गेली. बस स्टॉपवर सापडली. कुठे राहता विचारलं, तर सातारा म्हणाली. समजा, बसमध्ये चढली असती तर?”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याच्या आई खुर्चीतून उठल्या आणि सरळ पुढच्या दाराकडे निघाल्या. बाहेर बर्फ पडत होतं. मी पुढे झालो, तर मुकुंदाने माझा दंड धरला. “हात लावू नकोस. धरलं की किंचाळते. मी कोण, ते कळत नाही तिला.”

त्यांचा हात हँडलवर पडला. मुकुंदाची बोटं माझ्या दंडात रुतली.

हँडलच्या वर कागद होता: ‘आई, बाहेर थंडी आहे’. त्या थबकल्या. मग एकेका चौकोनावरून बोट फिरवू लागल्या.

“हे माझे टाके,” त्या म्हणाल्या. “दोसुतीच्या कापडावर अशीच अक्षरं भरायची मी. फुलीला फुली लावून.” मग वळून मुकुंदाकडे पाहिलं. “तुमच्याकडे कशी आली हो?”

“माझ्या आईने भरली होती,” मुकुंद म्हणाला.

“बरा हात आहे. पण या वेलांटीत एक टाका सुटलाय बघा. आईंना दाखवा, नीट करून देतील.”

“दाखवतो.”

त्यांनी हँडल सोडलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

“समजा...” मुकुंद म्हणाला. मग कॉम्प्युटर सुरू करून त्याने थंडीच्या वेलांटीत एक काळा चौकोन भरला.