आमच्या घरातले हरवलेले दोन फूट

घर बाहेरूनही मोजावं, हे माझं मीच ठरवलं. फाउलर बाईंनी फक्त आतल्या खोल्यांची मापं मागितली होती. पण जास्तीचं काम केलं की बाईंच्या नजरेत भरता येतं आणि त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. (त्या वर्षी मी वर्गात एकूण चार वेळा बोलले होते. त्यातलं एक शिंकल्यावर म्हटलेलं 'सॉरी' होतं.)

नजरेत भरणं गरजेचं होतं. आमच्या शाळेत आर्किटेक्चरचा वर्ग नवीनच सुरू झाला होता आणि त्यातल्या एकाला जुलैत तीन आठवडे हॅलिफॅक्सच्या कॉलेजात शिकायला पाठवणार होते. जागा एक, आम्ही नऊ जण. मला ती इतकी हवी होती की घरीसुद्धा मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आधीचं काम काही सांगण्यासारखं नव्हतं. पहिला प्रकल्प होता 'एका माणसासाठी आसरा'. मी पांढऱ्या पुठ्ठ्याचं असं नेटकं घर केलं की कुठे सांधा दिसत नव्हता. बाईंनी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि विचारलं, "टेसा, हा माणूस आत गेला कुठून?" दार राहून गेलं होतं. दुसरा प्रकल्प बसथांबा. समुद्र दिसावा म्हणून मी ती बाजू पूर्ण उघडी ठेवली. आमच्याकडे वाराही त्याच बाजूने येतो. बाईंनी शेरा लिहिला, 'रेषा सुंदर. प्रवासी बसच्या आधी गावात पोचेल.'

तिसरा प्रकल्प शेवटचा होता. स्वतःचं घर मोजायचं, नकाशा काढायचा आणि घरात एकच बदल सुचवायचा.

तर शनिवारी मी टेप घेऊन बाहेर गेले. पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत घर भरलं एकतीस फूट. आत पुढची खोली अकरा फूट दोन इंच, स्वयंपाकघर बारा फूट चार इंच, मागची पडवी साडेपाच फूट. बेरीज एकोणतीस. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दोन फूट घरात शिरत होते आणि आत गेल्यावर सापडत नव्हते.

हे मी माझ्यापाशीच ठेवायला हवं होतं. पण जेवताना बाबांनी विचारलं, चेहरा का उतरलाय, आणि मी सांगून बसले. टेबलाशी बाबांचा मोठा भाऊ, क्लेम काकाही होता. (क्लेम काका आमच्याकडे जेवायला येत नाही. तो सहज येतो. बटाटे उकडले की त्याला सहज यावंसं वाटतं.) त्याने काटा खाली ठेवला.

"दोन फूट," तो बाबांकडे बघत म्हणाला. "लेन, इसॉ आजोबा."

इसॉ पार्डी म्हणजे माझे पणजोबा. दारूबंदीच्या काळात ते होडीने सेंट पिएर या फ्रेंच बेटावरून चोरून रम आणायचे. एकदा पोलिसांनी घराची झडती घेतली तेव्हा काहीच सापडलं नाही, आणि तो माल कुठे ठेवला हे न सांगताच ते गेले. हे आमच्याकडे दर नाताळात सांगितलं जातं. मी लहान असताना बाटल्या चाळीस होत्या. आता साठ झाल्या आहेत.

काका उठून चुलीमागची भिंत ठोकायला लागला. म्हणाला, पोकळ आहे. (लाकडी घराच्या सगळ्याच भिंती पोकळ वाजतात, पण त्याने बाकीच्या ठोकल्या नाहीत.) आईने बजावलं की भिंतीचा कागद तिने गेल्याच महिन्यात लावलाय आणि त्याला कोणी नख जरी लावलं तरी चालणार नाही.

"डोरीन, पोरीने तीनदा मोजलंय," बाबा म्हणाले. "ती आपल्यासारखी अंदाजाने बोलत नाही. आर्किटेक्ट आहे ती."

मला आजवर कोणी आर्किटेक्ट म्हटलं नव्हतं. खरं तर तेवढ्यात माझ्या मनात एक शंका डोकावली होती. ती मी बटाट्याबरोबर गिळली.

रविवारी आई चर्चला गेली आणि बाबांनी करवत काढली. ते स्वयंपाकघरातून कापत होते. माल दिसला की हाक मारायची म्हणून काका पुढच्या खोलीत उभा होता. चार-पाच मिनिटांत त्याची हाक आली, पण शांत आवाजात.

"लेन, थांब जरा. करवत आजोबांच्या मिशीतून बाहेर आलीये."

पणजोबांचा मोठा फोटो तिथेच टांगलेला होता. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण काकाचं म्हणणं पडलं की बाटल्या जड, त्या खाली असणार. मग भोक खाली वाढलं, मग बाजूला. शेवटी तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच झालं. आत लाकडाचा भुसा होता, उंदरांचं एक जुनं घर होतं आणि एक वर्तमानपत्र होतं. ते काका वाचत बसला.

मी मधल्या दारात उभी होते. हात चौकटीवर होता आणि चौकट बोटांना जाड लागत होती. मी टेप धरली. पाच इंच. मग पडवीच्या दाराची चौकट मोजली, तीही पाच. बाहेरच्या दोन्ही भिंती सात-सात. बेरीज चोवीस इंच. नकाशात मी प्रत्येक भिंतीसाठी एकच बारीक रेघ काढली होती. त्या दारांतून आम्ही दिवसातून पन्नासदा जातो.

"बाबा, दोन फूट सापडले," मी म्हटलं. "भिंतीत आहेत."

काका ताडकन उठला. "कुठल्या भिंतीत?"

"सगळ्याच."

बाबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी करवत पुसून जागेवर ठेवली.

आई आली. डोक्यावर चर्चची टोपी तशीच ठेवून ती त्या भोकासमोर उभी राहिली. आमच्याकडे ही सगळ्यात वाईट खूण. हॅलिफॅक्सला गेलेली मी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून पुसलं जात होतं. ज्या मुलीला भिंतीला जाडी असते हे माहीत नाही, तिला कोण पाठवणार?

"ती शेजारच्या फजांची बोट ना?" आई भोकातून बघत म्हणाली.

आमची पुढची खोली पाद्री आणि मयत यांच्यासाठी राखीव असते. घरातून समुद्र फक्त तिथल्या खिडकीतून दिसतो, त्यामुळे तो पाद्री बघतो. आई एकोणीस वर्षं चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. आता तिला भोकातून सगळा धक्का दिसत होता. तिने चहा केला आणि तिथेच उभ्याने प्यायली. संध्याकाळी बाबा फळी घेऊन आले, तर म्हणाली, "बुजवायचं नाही. कागदाबद्दल मी तुम्हा दोघांशी नंतर बोलेन."

ती कोपर टेकायला बघत होती, पण कड चार इंच उंच पडत होती. मी टेप घेऊन तिच्या कोपराची उंची मोजली. जमिनीवर खूण करून दोनदा. मग प्रकल्पातला माझा एक बदल म्हणून ते भोकच धरलं, कागदावर त्याची कड उतरवून तिथे बशी मावेल अशी फळी रेखाटली, आणि जुना नकाशा फाडून नवा केला. त्यात भिंतींना दोन-दोन रेघा दिल्या आणि मध्ये पेन्सिलीने गच्च काळं केलं.

गुरुवारी आमचे प्रकल्प बघून निवड करायला हॅलिफॅक्सच्या कॉलेजातून ग्रांडी नावाच्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, उघडी जागा नेमकी इथेच का? मी रम, मिशी आणि चोवीस इंच सगळं सांगितलं. एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. त्या हसल्या नाहीत. फळीची उंची कशी ठरवली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आई चहा पीत होती तेव्हा मोजली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मे महिन्यात पत्र आलं. जागा मला मिळाली होती. बाबांनी ते क्लेम काकाला दोनदा वाचून दाखवलं, आणि काकाने पत्र उजेडात धरून पाहिलं.

जुलैत, कॉलेजातल्या पहिल्या सकाळी आम्हाला हॅलिफॅक्समधलं जुनं टपाल कार्यालय मोजायचं होतं. कामांची यादी ग्रांडी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावली होती. माझं नाव तिसरं होतं.

'टेसा पार्डी : टेपचं टोक धरणे. आकडा दुसऱ्याने वाचावा.'